दीर्घकालीन सायनसचा दाह: फिजिओथेरपीने नेमके काय साधते आणि घरी कोणती काळजी घ्यावी?

शब्दसोबती यांचा प्रश्न

नमस्कार. तीन महिन्यांहून अधिक काळ मला नाक चोंदण्याचा त्रास आहे. गालांच्या हाडांवर आणि भुवयांच्या वर सतत दाब जाणवतो, वास जवळजवळ येतच नाही, आणि रात्री घट्ट स्राव घशात उतरत असल्यामुळे सकाळचा बराच वेळ घसा खाकरण्यात जातो. बुटाची नाडी बांधायला खाली वाकले तरी चेहरा जड होतो आणि कपाळात ठणका लागतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून नाक तपासले, सीटी स्कॅन करून घेतला आणि हा सायनसचा, म्हणजे नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांचा, दीर्घकालीन दाह असल्याचे सांगितले. नाकात पॉलिप, म्हणजे अस्तराच्या मऊ गाठी, नाहीत आणि तूर्त शस्त्रक्रियेची गरज नाही, असेही ते म्हणाले. स्टिरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे, असे दोन उपाय त्यांनी दिले आहेत.

दरम्यान एका परिचितांनी मला फिजिओथेरपी घेऊन पाहण्यास सुचवले. त्यात चेहऱ्यावर अल्ट्रासाउंडचे यंत्र फिरवतात, शेक देतात, मानेचे स्नायू मोकळे करतात, असे त्यांच्याकडून कळले. हाडांच्या आत असलेल्या पोकळ्यांपर्यंत बाहेरून केलेला असा उपचार खरोखर पोहोचतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. माझे काम दिवसभर पडद्यापुढे बसून वाचण्याचे आहे आणि मान व खांदे संध्याकाळपर्यंत आखडून जातात. त्याचा या दुखण्याशी काही संबंध असू शकतो का? वाफ घ्यावी की घेऊ नये, कोणत्या कुशीवर झोपावे, नाक धुताना काय सांभाळावे, याबद्दलही जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मी आभारी राहीन. स्प्रेचा उपयोग अजून जाणवलेला नाही, त्यामुळे तो बंद करावा असे मनात येते आहे.

चालतीपावले यांचे उत्तर

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सायनसच्या दीर्घ त्रासाचे रुग्ण माझ्याकडे नियमित येतात. आपण तज्ज्ञांकडून निदान करून घेतले आहे, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच झाली आहे. फिजिओथेरपी हा या आजारावरचा मूळ उपचार नाही. अस्तराची सूज उतरवण्याचे काम स्प्रे आणि नाक धुणे यांचे आहे. स्राव बाहेर पडायला मदत करणे, चेहऱ्यावरचा दाब आणि वेदना हलकी करणे, आणि मानेमुळे त्यात पडणारी भर काढून टाकणे, एवढे आमच्या हातात असते. या मर्यादेत राहून ती घेतली तर तिचा निश्चित उपयोग होतो, असे माझे मत आहे.

उपचार पोहोचतो का, हे समजण्यासाठी आधी आतली रचना पाहावी लागेल. नाकालगत पोकळ्यांच्या चार जोड्या असतात: गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये नाकाच्या मुळाशी, आणि त्याही मागे कवटीच्या तळाजवळ. या पोकळ्यांच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि ते चिकट स्राव अखंड एकाच दिशेने, म्हणजे पोकळीच्या तोंडाकडे, ढकलत राहतात. गालाच्या पोकळीचे हे तोंड तळाशी नसते, तर नाकाकडच्या भिंतीत अगदी वरच्या बाजूला असते, आणि ते असते अवघे काही मिलिमीटरचे. म्हणजे आपण ताठ बसलेले असताना तिथला स्राव गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवावा लागतो. सर्दीने किंवा ॲलर्जीने अस्तर थोडे जरी सुजले तरी ते तोंड बंद होते, स्राव साचतो, साचून घट्ट होतो, तंतूंचे काम मंदावते आणि सूज आणखी वाढते. हे चक्र कुठेतरी तोडायचे असते.

आता अल्ट्रासाउंड. यात साधारण १ मेगाहर्ट्‌झच्या ध्वनिलहरी थांबून थांबून, म्हणजे स्पंदांच्या रूपात दिल्या जातात. त्वचेवर जेल लावून यंत्राचे लहान डोके गालाच्या हाडावर आणि भुवईच्या वर संथपणे गोलाकार फिरवतात. ते एका जागी थांबवायचे नसते आणि डोळ्यावर तर कधीच न्यायचे नसते. घट्ट स्राव त्यामुळे सैल होतो आणि रक्ताभिसरण सुधारते असे मानले जाते, मात्र नेमकी प्रक्रिया अजून पूर्णपणे सिद्ध झालेली नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेमधील एका चाचणीत सायनसच्या तीव्र, म्हणजे अचानक सुरू होऊन थोडेच दिवस टिकणाऱ्या, दाहाच्या ४८ रुग्णांपैकी काहींना चार दिवस अल्ट्रासाउंड आणि काहींना ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देण्यात आले, आणि दोन्ही गटांचा परिणाम जवळपास सारखा निघाला. ही चाचणी आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. पण तिच्यात कोणताही उपचार न घेतलेला तिसरा गट नव्हता, आणि तीव्र दाह बहुतेकांचा आपोआपही बरा होतो, ही बाजू सांगायची बहुधा राहून जाते. शिवाय आपला दाह तीव्र प्रकारचा नसून दीर्घकालीन आहे. दीर्घकालीन दाहावरही लहान अभ्यास झाले आहेत आणि त्यांत लक्षणे कमी झाल्याचे दिसते, तरीही त्या बळावर मी कोणालाही स्प्रे सोडून अल्ट्रासाउंड घ्या असे सांगणार नाही.

ते घ्यायचे ठरवलेच तर एक खूण लक्षात ठेवावी. यंत्र फिरत असताना फार तर किंचित ऊब जाणवावी. हाडात खोलवर कळ येऊ लागली किंवा वरचे दात दुखू लागले, तर तत्क्षणी सांगावे. हाडावरचे आवरण तापत असल्याची ती खूण असते. चेहऱ्याच्या ज्या भागाला संवेदना कमी आहे त्या भागावर, किंवा कर्करोगाची शंका असलेल्या जागी अल्ट्रासाउंड देत नाहीत. खोलवर उष्णता देणारे शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र काही ठिकाणी वापरले जाते. त्याचे निर्बंध अधिक कडक आहेत. हृदयात पेसमेकर असल्यास, उपचाराच्या भागात धातूचे रोपण असल्यास किंवा गर्भारपणात ते वर्ज्य आहे. ताप आणि पू असलेल्या तीव्र अवस्थेत मी स्वतः कोणत्याही प्रकारचा खोल शेक देत नाही.

हाताने दिल्या जाणाऱ्या उपचारांत माझा भर दोन गोष्टींवर असतो. पहिली म्हणजे चेहऱ्यावरचा अतिशय हलका मसाज. नाकाच्या कडेपासून गालाच्या हाडाखालून कानाच्या पुढच्या भागापर्यंत आणि तिथून मानेच्या बाजूने खाली गळ्याच्या हाडापर्यंत, फक्त त्वचा सरकेल इतक्याच दाबाने बोटे फिरवायची. अनेकजण जोरात रगडतात; त्याने सुजलेला भाग अधिकच दुखतो. भुवईच्या आतल्या टोकाशी आणि नाकपुडीच्या शेजारी गालाच्या खळग्यात बोटाच्या टोकाने काही सेकंद स्थिर दाब दिला तरी बऱ्याच जणांना बरे वाटते. हा आराम तात्पुरता असतो, पण झोपण्यापूर्वी तो मोलाचा ठरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मान, आणि इथे आपला संबंधाचा प्रश्न अगदी रास्त आहे. चेहऱ्याकडून येणाऱ्या संवेदना आणि मानेच्या वरच्या तीन मणक्यांकडून येणाऱ्या संवेदना मेंदूच्या देठाजवळ एकाच केंद्रात एकत्र येतात. त्यामुळे कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू आखडले की दुखणे मानेत असूनही ते कपाळात किंवा डोळ्याच्या मागे जाणवू शकते. कानामागून गळ्याच्या हाडाकडे तिरका उतरणारा मोठा स्नायू आखडला तरी वेदना भुवईच्या वर उमटते. आपल्याला सायनसचा दाह आहे हे स्कॅनने दाखवलेच आहे, परंतु संध्याकाळी वाढणाऱ्या कपाळदुखीतला काही वाटा मानेचा असण्याची शक्यता मला दाट वाटते. भिंतीला पाठ व डोके टेकवून हनुवटी हळूच आत घ्यावी, मानेचा मागचा भाग लांब होत असल्याचे जाणवले की पाच सेकंद थांबावे आणि सोडून द्यावे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा करावे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी. चक्कर, हाताला मुंग्या किंवा मानेतून तीव्र कळ येत असेल, तर हा व्यायाम स्वतःहून करू नये.

कोणत्या कुशीवर झोपावे याचे उत्तर वर सांगितलेल्या रचनेतच आहे. गालाच्या पोकळीचे तोंड वरच्या बाजूला आणि नाकाकडे असल्यामुळे, ज्या बाजूचा गाल जड आहे ती बाजू वर ठेवून विरुद्ध कुशीवर झोपले की स्राव तोंडाकडे उतरतो. डोक्याखाली उशी अशी घ्यावी की मान एका रेषेत राहील. दहा-पंधरा मिनिटे असे पडून राहावे, मग सावकाश उठून बसावे आणि एकेक नाकपुडी हलकेच मोकळी करावी. विरुद्ध कुशीवर झोपल्याने वरची नाकपुडी आपसूक उघडते, हा आणखी एक लाभ. काखेवर आणि छातीच्या बाजूवर पडणाऱ्या दाबामुळे शरीर ही प्रतिक्रिया देते. कपाळाच्या पोकळीचे तोंड मात्र खालच्या बाजूला असते, म्हणून तिच्यासाठी ताठ बसणे हीच सर्वांत चांगली स्थिती होय. जुन्या पद्धतीत डोके पलंगाखाली लोंबत ठेवून स्राव काढण्याच्या स्थिती शिकवल्या जात असत. उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा आम्लपित्त असलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये, आणि इतरांनाही त्यांची सहसा गरज पडत नाही. रात्रभरासाठी डोक्याकडची बाजू थोडी उंच ठेवणे पुरेसे आहे, कारण अगदी सपाट झोपले की नाकातल्या रक्तवाहिन्या भरून येतात आणि नाक अधिक चोंदते.

स्वरयंत्र यांचे उत्तर

मी कान-नाक-घसा विभागात काम करणारा डॉक्टर आहे. वरील प्रतिसाद संतुलित आहे आणि त्याच्याशी मी सहमत आहे. मी स्प्रे, नाक धुणे आणि वाफ एवढ्यापुरतेच लिहितो, कारण या बाबतीतल्या लहानसहान त्रुटींमुळे चांगला उपचार वाया जाताना मी रोज पाहतो.

स्प्रे कृपा करून बंद करू नका. स्टिरॉइडचा स्प्रे हा नाक क्षणात उघडणारा स्प्रे नव्हे. त्याचा परिणाम हळूहळू साठत जातो आणि दीर्घकालीन दाहात तो उपयोगी पडला की नाही हे ठरवायला रोजच्या रोज वापरून काही आठवडे, बहुधा आठ ते बारा, द्यावे लागतात. तो कसा मारला जातो यावरही पुष्कळ अवलंबून असते. बहुतेक रुग्ण मान मागे टाकून, नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखून स्प्रे मारतात आणि लगेच जोरात ओढून घेतात. औषध थेट घशात जाते, पडदा कोरडा पडतो आणि रक्त येऊ लागते. डोके किंचित पुढे झुकवावे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे नळीचे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळते. स्प्रे मारताना श्वास अगदी हलका घ्यावा. औषध घशात उतरल्याची चव आली, तर ओढ जोराची झाली असे समजावे. याउलट झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत नाक उघडतात आणि म्हणूनच लोकांना आवडतात; पण ते पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. त्यापुढे औषधाचा अंमल उतरला की नाक पूर्वीपेक्षाही अधिक चोंदते आणि थेंबांवाचून चालेनासे होते.

नाक धुण्याबाबत पहिला आणि सर्वांत गंभीर मुद्दा पाण्याचा आहे. नळाचे साधे पाणी नाकात घालू नये. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा अशा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो; हा संसर्ग अत्यंत दुर्मीळ आहे, पण झाला तर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. तेच पाणी प्यायल्याने हा धोका नसतो, म्हणून पिण्यायोग्य पाणी नाकासाठीही चालेल असा समज होतो. डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी वापरावे, अथवा पाणी खळखळून एक मिनिट उकळू द्यावे आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवावे. दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उकळावे. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के, हे प्रमाण शरीरातील द्रवाशी जुळते आणि म्हणून झोंबत नाही. मीठ आयोडीनविरहित असल्यास चांगले. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर आणखी सुसह्य होते. नाक झोंबले तर बहुतेक वेळा मीठ कमी किंवा जास्त झालेले असते.

बेसिनवर पुढे वाकून डोके एका बाजूला कलते करावे, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा आणि बाटली सावकाश दाबावी. पाणी घशात उतरते अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी धुताना ‘क, क, क’ असा उच्चार करत राहावा. त्यामुळे टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन घशाची वाट बंद होते. झाल्यावर लगेच आडवे होऊ नये. पुढे वाकून डोके दोन्ही बाजूंना वळवावे, म्हणजे उरलेले पाणी निघून जाते. मग दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे मारावा. आधी स्प्रे आणि नंतर धुणे, असा उलटा क्रम ठेवला तर औषध धुऊन जाते. बाटली प्रत्येक वेळी स्वच्छ करून पूर्ण कोरडी होऊ द्यावी. दोन्ही नाकपुड्या ठार बंद असताना किंवा कान दुखत असताना पाणी दामटू नये.

नाक शिंकरण्याबद्दलही एक सांगतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नाकात क्ष-किरणांत दिसणारा द्रव घालून सीटी स्कॅन काढले होते. त्यात जोराने नाक शिंकरल्यावर तो द्रव सायनसच्या पोकळीत ढकलला गेलेला दिसला. शिंक आणि खोकला यांनी नाकात तितका दाब निर्माण झाला नाही. म्हणून एक नाकपुडी बोटाने बंद करून दुसरी हलकेच शिंकरावी, आणि दोन्ही एकदम दाबून जोर लावू नये.

वाफेविषयी लोकांच्या भावना तीव्र असतात, म्हणून पुराव्यासह लिहितो. २०१६ साली इंग्लंडमधील ८७१ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांत नाक धुण्याने लक्षणांत माफक सुधारणा झाली. वाफेने डोकेदुखी कमी झाली, पण बाकी लक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा वाफेने बरे वाटत असेल तर घेण्यास माझी हरकत नाही, मात्र तिने आजार बरा होईल ही अपेक्षा ठेवू नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन वाकण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. भांडे कलंडून मांड्या आणि पोट भाजल्याच्या घटना घडतात आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असते. मुलांना अशी वाफ देऊच नये. गरम पाण्याने आंघोळ करताना बंद न्हाणीघरात थोडा वेळ थांबणे किंवा कोमट ओला रुमाल गालांवर ठेवणे हे त्याहून सुरक्षित आहे.

शेवटी ज्या लक्षणांत घरगुती उपाय आणि फिजिओथेरपी दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे ती सांगतो: डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा नजर मंदावणे, कपाळावर मऊ फुगवटा, मान ताठरण्यासह तीव्र डोकेदुखी, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे. मधुमेह नियंत्रणात नसलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी चेहरा बधिर होणे अथवा नाकात काळी खपली येणे याकडे क्षणभरही दुर्लक्ष करू नये, कारण बुरशीचा संसर्ग फार वेगाने पसरतो. एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर दंतवैद्यांकडूनही तपासणी करून घ्यावी. वरच्या दाढांची मुळे गालाच्या पोकळीला अगदी खेटून असतात आणि दाढेतला पू तिथे उतरू शकतो.

शब्दसोबती

दोघांचेही मनापासून आभार. स्प्रे मी नेमका मान मागे टाकूनच मारत होते आणि प्रत्येक वेळी घशात कडू चव येत होती. आता कारण कळले. एक शंका आहे. स्राव कधी पिवळा तर कधी हिरवट असतो. त्यासाठी प्रतिजैविके घ्यायला हवीत का?

स्वरयंत्र

केवळ रंगावरून तसे ठरवता येत नाही. पिवळा-हिरवा रंग हा प्रामुख्याने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येतो आणि तो विषाणूजन्य सर्दीतही दिसतो. तीव्र दाहात जिवाणूंची शंका आम्ही तीन प्रसंगी घेतो: दहा दिवसांनंतरही तसूभर उतार न पडणे, बरे वाटू लागल्यावर त्रास एकाएकी पुन्हा उसळणे, किंवा सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस ३९ अंश सेल्सियस वा त्याहून अधिक ताप आणि त्यासोबत पुवासारखा स्राव किंवा चेहऱ्यात वेदना असणे. बारा आठवडे किंवा अधिक काळ चालणाऱ्या दाहात मुख्य दोष अस्तराच्या सुजेत असतो, आणि तिथे प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स घेऊन फारसे काही साधत नाही. आपल्या डॉक्टरांनी ती दिलेली नाहीत, याला कारण असावे.

निळीघडी यांचा प्रतिसाद

मी रुग्ण म्हणून लिहितो आहे. माझ्या कपाळदुखीला कित्येक वर्षे सगळे सायनसच म्हणत होते. नाक चोंदायचे, डोळ्यांतून पाणी यायचे, वाकले की ठणकायचे, त्यामुळे मलाही ते पटले होते. मात्र सीटी स्कॅनमध्ये पोकळ्या स्वच्छ निघाल्या. पुढे मेंदूविकार तज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांतून ही अर्धशिशी असल्याचे स्पष्ट झाले: दुखू लागल्यावर उजेड सहन होतो का, मळमळते का, जिने चढल्यावर वाढते का, आणि काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी पूर्णपणे थांबते का. त्यांनीच मला २००४ सालच्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितले. सायनसच्या डोकेदुखीचा इतिहास सांगणाऱ्या २,९९१ व्यक्तींची त्यात तपासणी झाली आणि त्यांपैकी ८८ टक्के व्यक्तींची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारात मोडणारी निघाली. शब्दसोबती यांना वास न येणे आणि घट्ट स्राव ही लक्षणे आहेत आणि स्कॅनमध्येही दोष दिसला आहे, तेव्हा त्यांचे निदान वेगळे आहे. परंतु हा धागा वाचणाऱ्या ज्यांचे नाक कोरडे आहे, स्राव स्वच्छ आहे आणि तरीही कपाळ वरचेवर दुखते, त्यांनी चेहऱ्यावर शेक घेत बसण्याऐवजी निदान पुन्हा तपासून घ्यावे असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

चालतीपावले

निळीघडी यांनी फार महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांनाही मी पहिल्या भेटीत हेच विचारते, आणि उत्तरे अर्धशिशीकडे झुकली तर चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवते.

श्वासाविषयी आणि व्यायामाविषयी लिहायचे राहिले होते. नाक चोंदले की आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो, घसा कोरडा पडतो आणि छातीचा वरचा भाग व मानेचे स्नायूच श्वासाचे काम करू लागतात. आपल्या आखडलेल्या खांद्यांमागे हेही एक कारण असेल. नाक धुऊन झाल्यावर, म्हणजे ते त्यातल्या त्यात मोकळे असताना, एक हात पोटावर ठेवून काही मिनिटे नाकाने संथ श्वास घेण्याचा सराव करावा. भराभर चालण्यासारखा व्यायाम केला की नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नाक उघडते. हा परिणाम अल्पकाळच टिकतो, पण औषधाविना मिळतो. ताप असताना किंवा चेहऱ्यात ठणका असताना मात्र विश्रांतीच घ्यावी.

तोंड मिटून गुणगुणण्याबद्दल अनेकजण विचारतात. सायनसच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होत असतो. स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले की शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत गुणगुणताना नाकावाटे बाहेर पडणाऱ्या या वायूचे प्रमाण सुमारे १५ पटींनी वाढते, म्हणजे आवाजाच्या कंपनाने पोकळी आणि नाक यांच्यातली हवेची देवाणघेवाण वाढते. यावरून गुणगुणल्याने दाह बरा होतो असे सिद्ध होत नाही. तरी त्यात धोका काही नाही, आणि श्वास लांबवण्याची सवय त्यातून लागते, म्हणून मी ते सुचवते. पोकळीचे तोंड पूर्ण बंद असेल तर त्याचा काही परिणाम होणार नाही, हेही सांगायला हवे.

आपण फिजिओथेरपी सुरू केलीत तर पहिल्या दिवशीच नाकाचा चोंदलेपणा, चेहऱ्यावरचा दाब, घशात उतरणारा स्राव आणि वास यांना शून्य ते दहा यांपैकी एकेक अंक देऊन लिहून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा त्याच वेळी पुन्हा लिहा. सहा-सात बैठकांनंतरही अंक हलले नाहीत, तर उपचार पुढे रेटण्याचा आग्रह कोणीही धरू नये, आणि आपणही तो मान्य करू नये. दाब आणि वेदना कमी झाली पण वास परतला नाही, असे झाल्यास ती माहिती आपल्या तज्ज्ञांना अवश्य द्या. फिजिओथेरपीने वास सहसा परत येत नाही आणि त्याचा विचार त्यांनाच करावा लागेल.

शब्दसोबती

हे सगळे मी लिहून घेतले आहे. शेवटचा प्रश्न विचारते. मला पोहण्याची आवड आहे, आणि पुढच्या महिन्यात विमानप्रवासही आहे. दोन्ही टाळावे का?

स्वरयंत्र

पोहणे तूर्त थांबवावे असे माझे मत आहे. तलावातल्या क्लोरीनने आधीच सुजलेले अस्तर अनेकांचे आणखी चुरचुरते, आणि बुडी मारताना पोकळीतल्या हवेवर पडणारा दाब पोकळीचे तोंड बंद असल्यास मोकळा होत नाही. खोल बुडी तर या अवस्थेत मुळीच मारू नये. विमानाचे उत्तर त्या आठवड्यातल्या नाकाच्या स्थितीवर अवलंबून आहे. विमान उतरत असताना बाहेरचा दाब वाढतो आणि नाक बंद असेल तर कपाळात सुरीसारखी कळ येऊ शकते. नेहमीचा स्प्रे न चुकता चालू ठेवा आणि निघण्याच्या काही दिवस आधी तज्ज्ञांना नाक दाखवून घ्या. नाक उघडणारे थेंब एरवी टाळायला सांगितले असले तरी विमान उतरण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास एकदा वापरणे हा त्यांचा योग्य उपयोग आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. ताप किंवा नव्याने सुरू झालेला तीव्र ठणका असेल, तर प्रवास पुढे ढकलावा.